पीक एकाचं, सातबारा दुसऱ्याचा

पेरणी तोंडावर आली की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. जमीन खंडानं केलीय, मग किसान सन्मानचे पैसे, पीक विमा, पुराची मदत, ठिबकचं अनुदान हे मालकाला मिळणार की रान करणाऱ्याला?

आधी थोडक्यात उत्तर देतो. किसान सन्मान मालकाला. त्यानं जमीन खंडानं दिली म्हणून त्याची पात्रता जात नाही, आणि करणाऱ्याच्या नावावर स्वतःची जमीन नसेल तर त्याला दमडी नाही. पीक विमा करणाऱ्याला काढता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. पुराची मदत पंचनाम्याची यादी सातबाऱ्यावरनं होते म्हणून खातेदाराच्या खात्यावर. ठिबकच्या केंद्राच्या नियमात खंडाची जमीन चालते, पण किमान सात वर्षांचा करार पाहिजे. आमच्या भागात सात वर्षांचा करार कोण करून देतो, ते तुम्हीच सांगा. इथं सगळा व्यवहार तोंडी, अकरा महिन्यांचा नाहीतर एका लावणीचा आणि दोन खोडव्यांचा.

कोल्हापूर जिल्हा कागदपत्रात मागासलेला अजिबात नाही. प्रत्येक गावात सेवा सोसायटी, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था. लोकांना सभासद क्रमांक पाठ असतात. मग एवढा एकच व्यवहार तोंडी का राहिला? त्याचं कारण १९५७ सालात आहे. नुसतं 'शासन लक्ष देत नाही' म्हणून भागत नाही.

त्याच्याही जरा मागं जाऊ. संस्थानाच्या काळात गावचं दप्तर कुलकर्ण्याकडं असायचं. ज्याच्या हातात दप्तर, त्याच्या हातात गाव. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, ही गोष्ट शाळेत एका ओळीत शिकवतात. पण कुळाच्या बाजूनं बघा, ती फार मोठी आहे. जमीन कोण करतो हे लिहिणारा माणूस आता वतनदार नव्हता, नोकर होता. पुढं कूळ कायद्याच्या वेळी सगळा खेळ त्याच नोंदीवर झाला.

मुंबई इलाख्यात कुळांचा पहिला कायदा १९३९ चा, दुसरा मोठा १९४८ चा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतर हा कायदा आमच्याकडं आला. १९४८ च्या कायद्यानं खंडाला मर्यादा घातली: बागायतीला उत्पन्नाचा चौथा हिस्सा, जिरायतीला तिसरा. तोवर निम्मा वाटा हा रिवाज होता. खरा दणका बसला १९५६ च्या दुरुस्तीनं. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून जमीन करत होता तो त्या जमिनीचा मालक मानला गेला. मग कलम ३२-ग खाली किंमत ठरवायची, आकाराच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत, ती हप्त्यानं भरायची, आणि सगळी फिटली की ३२-म चं प्रमाणपत्र. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा कागदावर उतरली ती अशी.

माझ्या आजोबांना तीन एकर जमीन अशीच मिळाली. ते प्रमाणपत्र आमच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे. आजोबांना सही येत नव्हती, अंगठा होता. पण पीक पाहणीत त्यांचं नाव सलग लागलेलं होतं. त्या काळच्या बाराच्या उताऱ्यावर जमीन करणाऱ्याचं नाव असायचं आणि 'रीत' म्हणून एक रकाना असायचा. मालक स्वतः करतो की दुसरा कुणी, ते त्यावरून कळायचं. आमचं घर त्या रकान्यानं उभं केलं असं म्हटलं तरी चालेल.

सगळ्यांना मात्र मिळाली नाही. कायदा येणार हे मालकांनाही कळत होतं. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे दांडेकर आणि खुदनपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली, ती १९५७ मध्येच छापली गेली. कुळांनी 'राजीखुशीनं' जमिनी सोडल्याच्या नोंदी किती झाल्या, हे त्यात आलंय. राजीखुशी कसली? ज्याचं वर्षाचं पोट त्या रानावर, तो राजीखुशीनं सोडतो होय? कुणाला कर्जात धरलं, कुणाला भीड घातली, कुणाला पुढच्या साली दुसरं रान देतो म्हणून फसवलं. मालकानं स्वतः कसायला जमीन परत मागायची मुदतही कायद्यात होती, ३१ मार्च १९५७ पर्यंत. आमच्या गावातली जुनी माणसं सांगायची, की त्या सालात शिवारात कधी पाय न ठेवलेली माणसं बैल घेऊन बांधावर उभी राहिली.

आता महत्त्वाचा भाग, जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कायदा १ एप्रिल १९५७ ला थांबला नाही. कलम ४ नुसार दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस, जर तो मालकाच्या घरचा नसेल, पगारी गडी नसेल, ताबेगहाण घेतलेला नसेल, तर कूळच मानला जातो. आणि कलम ३२-ओ म्हणतं, की कृषक दिनानंतर जे कूळवहिवाट सुरू करतील त्यांनाही वर्षाच्या आत जमीन विकत मागण्याचा हक्क आहे. म्हणजे १९५८ साली असो वा १९८८ साली, कागदावर जमीन खंडानं दिली की ती जाण्याची वाट मोकळी. मालक मंडळी अडाणी नव्हती. त्यांनी जमीन देणं बंद केलं नाही, कागद करणं बंद केलं.

त्यात मालक म्हणजे काही सगळे इनामदार नव्हेत. आजरा, चंदगड, भुदरगडची निम्मी घरं मुंबईच्या गिरण्यांवर जगली. गावात दोन एकर आणि माणूस परळला. कागल, गडहिंग्लजकडं घरटी एक फौजी. सैन्यातल्या माणसाची जमीन कुळाकडं अडकू नये म्हणून कायद्यात नंतर वेगळं प्रकरण घालावं लागलं. विधवा बाई, अज्ञान मुलं, अपंग माणूस यांच्यासाठी ३२-फ मध्ये मुदत वाढवून दिली. तरी भीती गेली नाही. नवरा गेलेल्या बाईनं दीड एकर चुलत दिराला निम्म्यानं दिलं, तर तिला कोण जमीनदार म्हणेल? तिलाही कागद नकोच.

नगर जिल्ह्यात तर ही भीती उलट बाजूनं खरी झाली. तिथं 'खंडकरी' म्हणजे खंडानं जमीन करणारा नव्हे. साखर कंपन्यांना ज्यांनी जमिनी खंडानं दिल्या ते शेतकरी. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला, कंपन्यांकडच्या जमिनी सरकारनं घेतल्या, १९६३ ला शेती महामंडळ झालं, आणि मूळ मालकांच्या वारसांना त्यातलं काही परत मिळायला २०१२ साल उजाडलं. कोल्हापूरचा माणूस हे ऐकून असतो. 'एकदा खंडाचा कागद केला की नातवाला कोर्टात उभं राहावं लागतं', ही म्हण नाही, पण म्हणीसारखी बोलली जाते.

मग पीक पाहणीचं काय झालं? १९६६ चा जमीन महसूल कायदा आणि १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम आल्यावर तलाठ्याला परभारे दुसऱ्याचं नाव घालता येईना. मालकाशिवाय दुसरा कुणी ताब्यात दिसला तर नमुना १४ भरून तहसीलदाराकडं पाठवायचा, चौकशी व्हायची, आणि मग ती नोंद ७-ब ला जायची. हे एका अर्थी बरोबरच होतं. त्याआधी पैसे चारून किंवा आकसापोटी कुणाचंही नाव बाराच्या रकान्यात घुसवायचे आणि वर्षानुवर्षं दावे चालायचे. पण परिणाम असा झाला, की ज्या रकान्यानं माझ्या आजोबाला मालक केलं, त्या रकान्यात माझ्यासारख्याचं नाव येणं संपलं. वहिवाट 'खुद्द' आणि पीक ऊस, मालक ठाण्याला.

बरीच वर्षं यानं फारसं अडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. कारण सरकारची मदत वस्तूत असायची. खताचं अनुदान आजही पोत्यात आहे. ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला मिळतं, दुकानदार आधार आणि अंगठा घेतो, सातबारा बघत नाही. मी घेतलं काय आणि मालकानं घेतलं काय. विजेचंही तसंच. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिल माफ आहे. कनेक्शन मालकाच्या नावावर असलं तरी पाणी माझ्या सरीत येतं. वस्तूला जोडलेलं अनुदान कसणाऱ्यापर्यंत आपसूक पोचतं.

जे नावाला जोडलेलं, ते पोचत नाही. याचा पहिला धडा आम्हाला उसानं दिला. कारखान्याचा शेअर मालकाच्या नावावर, ऊस नोंद त्याच्या नावावर, सोसायटीचं पीक कर्ज त्याच्या नावावर. ऊस मी लावला, तोड मी आणली, तोडकऱ्यांना खुशाली मी दिली, पण बिल मालकाच्या खात्यावर. त्यातनं आधी सोसायटीची वसुली होते, उरलेलं मालक देणार तेव्हा माझं. मालक चांगला असेल तर पासबुक दाखवतो. नसेल तर 'अजून दुसरा हप्ता आला नाही' हे ऐकत बसायचं. दिवाळीची सभासदाची सवलतीची साखरसुद्धा मालकाच्या घरी. (माझे मालक ती माझ्याच घरी ठेवून जातात, मुंबईला कोण वाहून नेणार.)

मग २०१९ साल आलं. एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. २४ फेब्रुवारीला किसान सन्मान सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यावर. निकष एकच: १ फेब्रुवारी २०१९ ला नावावर लागवडीची जमीन पाहिजे. आधी दोन हेक्टरची अट होती, ती त्याच वर्षी काढली. प्राप्तिकर भरणारे, दहा हजारांवर पेन्शनवाले वगळले. आता गंमत बघा. जमिनीचा मालक प्राप्तिकर भरतो, म्हणून त्याला नाही. करणाऱ्याच्या नावावर जमीन नाही, म्हणून त्याला नाही. म्हणजे त्या एकरावर कुणालाच नाही, आणि पीक तर दरवर्षी निघतं. २०२३ पासून राज्याच्या नमो योजनेनं आणखी ६,००० घातले, यादी तीच.

दुसरी गोष्ट ऑगस्टमधला पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. माझं खंडाचं सव्वा एकर मळीचं रान आठवड्याच्या वर पाण्याखाली होतं. ऊस कुजला, शेंड्यात गाळ बसला. पंचनाम्याला तिघं आले, मी रान दाखवलं, नाव लिहिलं मालकाचं. त्यात त्यांची चूक नाही, त्यांच्याकडं यादीच तशी. आमच्या मालकांनी न मागता निम्मे पैसे पाठवले. पलीकडच्या गावात माझ्या ओळखीच्या एकाला रुपया दिसला नाही, उलट त्या सालचा खंड पुरा मागितला. त्याच पुरानंतर सरकारनं एक हेक्टरपर्यंतचं पीक कर्ज माफ केलं. पण त्यानं कर्ज काढलं होतं बायकोचं सोनं ठेवून. ते पीक कर्ज नव्हे. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमात तोंडी खंडकरी आणि वाटेकरीसुद्धा पात्र आहेत, नाबार्डनं चार ते दहा जणांच्या संयुक्त देयता गटांची वाटही काढून दिलीय. पण सोसायटीत जाऊन 'मी तोंडी खंडकरी' म्हणून सांगा, सचिव आठ-अ मागतो.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक वर्ग आहे. देवस्थानच्या जमिनी. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडं तीन हजारांवर देवळं आणि त्यांच्या जमिनी. कूळ कायद्याच्या ८८-ब नं अशा ट्रस्टच्या जमिनी खरेदीच्या हक्कातनं वगळल्या. त्यामुळं तीन-तीन पिढ्या त्याच रानात राबलेली घरं कृषक दिनालाही मालक झाली नाहीत. सातबाऱ्यावर देव, खाली यांची वहिवाट. देव काही अर्ज करत नाही. तिथं मालक मुंबईला नाही, कुणाच्या जमीन हडपण्याची भीतीही नाही, तरी अनुदानाच्या वेळी अवस्था तीच.

दुसऱ्या राज्यांनी यावर उपाय करून बघितलेत. पश्चिम बंगालनं १९७८ पासून बर्गादारांची नावं मोहीम काढून नोंदवली, त्यामुळं तिथल्या कृषक बंधू योजनेत नोंद असलेला बर्गादार येतो. ओडिशानं कालिया योजनेत वाटेकऱ्यांना धरलं. तेलंगणाची रयतु बंधू २०१८ ची होती, एकरी पैसे मिळायचे, पण फक्त पट्टेदाराला. आंध्रनं २०१९ च्या कायद्यात अकरा महिन्यांपुरतं पीक करणाऱ्याचं कार्ड ठेवलं आणि स्पष्ट लिहिलं, की या कार्डानं जमिनीवर हक्क येत नाही. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण मालकाची दुखरी नस त्यांनी ओळखली. तरी तिथंही मालकाची सही लागतेच, आणि ती मिळवताना खंडकऱ्याची दमछाक होतेच. २०१६ ला नीती आयोगाच्या डॉ. टी. हक समितीनं साऱ्या राज्यांसाठी नमुना कायदा दिला होता, त्याचा गाभा हाच होता: मालकी पक्की ठेवा, खंड खुला करा. युरोपात तर अनुदान ज्याच्या ताब्यात रान आहे त्यालाच मिळतं, मालक कुणीही असो. मात्र तिथला अनुभव असाही आहे, की अनुदान वाढलं की मालक खंड वाढवून त्यातला वाटा काढून घेतो. हे आमच्याकडंही होईल. तेवढं गृहीत धरूनच बोलावं.

आपल्याकडं मात्र चाक उलटं फिरतंय असं माझं मत आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर फोटो काढायचा. मालकाच्या खात्यावर मीच फोटो टाकतो. रान माझ्या पायाखालचं, अक्षांश-रेखांश बरोबर, पीक बरोबर, फक्त माणूस दुसरा. मग २०२५ ला शेतकरी ओळख क्रमांक आला, १५ एप्रिलपासून योजनांना तो सक्तीचा झाला. तो निघतो सातबाऱ्याला आधार जोडून. पूर्वी निदान तलाठी डोळ्यानं बघायचा की रानात कोण आहे. आता त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय आणि बघायचं काम फोनवर गेलंय.

उसाबद्दल एक गोष्ट कृषी सहायक आणि वकील मंडळींनी तपासून घ्यावी, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. कूळ कायद्याच्या कलम ४३-अ नुसार ऊस, फळं, फुलं यांच्या लागवडीसाठी दिलेला पट्टा हा ३२ ते ३२-र या खरेदीच्या कलमांतून वगळलेला आहे. म्हणजे खास उसासाठी लेखी करार करून जमीन दिली, तर खंडकरी मालक होण्याची जी धास्ती आहे ती तिथं तेवढी लागू पडत नाही. करारात पीक स्पष्ट लिहिलेलं मात्र हवं. आता दुसरी बाजू. आपल्या राज्यात पीक विम्यात ऊस नाहीच. विमा आहे भाताला, सोयाबीनला, भुईमुगाला, नाचणीला, आणि या पिकांना ४३-अ चा आडोसा नाही. जिथं कागद करायला भीती कमी, तिथं विमा नाही. जिथं विमा आहे, तिथं कागद करायला मालक धजत नाही. २०२३ च्या खरिपात विमा एक रुपयात होता, तेव्हापासून नोंदणीकृत भाडेकराराची अट कडक झाली. दुसऱ्याच्या रानावर परस्पर विमा उतरवणारे निघाले म्हणून ती घातली, हे खरंच आहे. २०२५ पासून एक रुपयाही गेला, आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता.

यंदा माझं स्वतःचं एक एकर आणि बांधाला लागून खंडाचं सव्वा एकर, दोन्हीत सोयाबीन आहे. बियाणं एक, पेरणीचा दिवस एक, यंत्र एकच. मालकांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, "दादा, विश्वास तुमच्यावर आहे, पण रजिस्टर नको." मी आग्रह धरला नाही. माझ्या एकराचा विमा उतरवला. पलीकडच्या सव्वा एकराचा मालकांच्या नावानं उतरवता आला असता, पण भरपाई आली तर ती त्यांच्या खात्यावर जाणार, आणि मधे काही वाद नको म्हणून दोघांनीही तो विषय सोडला. पुढच्या नोंदीत दोन्ही रानांची उगवण टक्केवारी टाकतो.